आधी कारलं, मग माहेर

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावसबहिणीने भोंडल्याचं गाणं टाकलं. "कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा माहेरा." सोबत चित्र होतं. हिरवागार मांडव, त्याला लोंबणारी कारली आणि खाली नऊवारीतली, नाकात नथ घातलेली हसरी सून. हात जोडलेले, फुलं, "किती गोड", "आपली संस्कृती" असं सगळं नेहमीप्रमाणे खाली जमत गेलं. दुपारी उशिरा काकींचा मेसेज आला. काकी ग्रुपवर कधीच काही लिहीत नाहीत. कुणाचा वाढदिवस असला तर नातीकडून केकचं चित्र टाकून घेतात आणि सुटतात. त्यांनी लिहिलं होतं, "मला कारलं आवडत नाही." दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले, एका भाच्याने मधुमेहावर कारल्याचा रस किती गुणकारी याचा व्हिडिओ टाकला आणि ग्रुप पुढे गेला. मी तिथेच राहिले. कारण काकींच्या हातची चिंचगूळ घातलेली कारल्याची भाजी मी लहानपणापासून खात आलेय, आणि भाजी उरली की काकी पातेलंच पुढ्यात ओढून भाकरीशी ती संपवतात हेही पाहत आलेय.

म्हणजे प्रश्न भाजीचा नव्हता.

हे गाणं आम्ही किती बेफिकिरीने म्हटलंय! वाड्याच्या अंगणात पाट मांडलेला, त्यावर खडूने काढलेला हत्ती, सोंडेशी झेंडूची फुलं, आणि हस्ताची सर नुकती येऊन गेल्यामुळे पायाखाली निसरडी झालेली फरशी. कुणाच्या तरी ओल्या परकराचा घोळ पोटरीला लागायचा. फेर धरला की अर्धं लक्ष गाण्यात आणि अर्धं पायरीवर झाकून ठेवलेल्या खिरापतीच्या डब्यांत. ओलं की सुकं, गोड की तिखट, हे ओळखायला नाक आधीच कामाला लागलेलं असायचं. कारल्याचं गाणं आलं की आमच्यातल्या खादाड मुली कण्हायच्या, कारण ते संपतच नाही. सासू म्हणते कारल्याचं बी पेर, मग जा. सून म्हणते पेरलं, आता तरी धाडा. सासू म्हणते कोंब येऊ दे. मग वेल वाढू दे. मग फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, सगळ्यांची जेवणं होऊ देत, उष्टी काढ. गावागावाच्या पाठात पायऱ्या मागेपुढे होतात, पण कुठल्याही पाठात त्या कमी होत नाहीत. फेराचे दोन भाग करून आम्ही सासू आणि सून वाटून घ्यायचो. सगळ्यांना सासू व्हायचं असायचं. कमरेवर हात ठेवून, मान वेळावून "मग जा आपुल्या माहेराऽ माहेरा" ओरडायला मजा यायची. सुनेच्या ओळी रडवेल्या, त्या लहान मुलींच्या गळ्यात मारायच्या. त्या फेरात परकऱ्या पोरी होत्या, नुकतं लग्न ठरलेल्या होत्या, आणि पायरीवर बसून ताल धरणाऱ्या खऱ्याखुऱ्या सासवाही होत्या. त्या दोन्ही बाजू म्हणायच्या. त्यांना दोन्ही पाठ होत्या.

या गाण्याकडे मी पुन्हा पाहिलं ते गच्चीवर कारलं लावल्यावर. पुण्यातली गच्ची, दोन मोठ्या कुंड्या, बांबूचा मांडव. कारल्याचं बी टणक कवचाचं. रात्रभर भिजत घातलं तरी घाई करत नाही. आठवडाभराने मातीतून वाकडी मान वर येते. मग वेल एकदा लागला की हाताएवढा, पुरुषभर, बघता बघता मांडवावर. महिना-सव्वा महिन्याने पिवळी फुलं आली आणि मी शेजारणीला बोलावून दाखवली. ती गावाकडची. तिने एक फूल बोटाने उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ही नराची आहेत, गळून जातील. मादीच्या फुलामागे बारीक कारलं असतं, ते नंतर येतं." तसंच झालं. आधीची पिवळी फुलं सकाळी फरशीवर पडलेली मिळायची. म्हणजे गाण्यातल्या सुनेने "फूल आलं हो सासूबाई" म्हणून धावत सांगितलं असेल, तेव्हाही ते फूल फळाचं असण्याची शक्यता कमीच. पेरल्यापासून पहिलं कारलं हातात यायला पंचावन्न-साठ दिवस तरी लागतात. पावसाळी कारलं लावतात जून-जुलैत. आषाढाच्या तोंडाशी बी पडलं तर कारलं धरायला श्रावण सरत येतो. आणि सासुरवाशिणीचा माहेरी जायचा हक्काचा सण कोणता? नागपंचमी. श्रावण शुद्ध पंचमी. झिम्मा, फुगडी, झाडाला टांगलेला झोका, सगळं तेव्हाचं. कारलं मांडवावर लोंबायला लागतं तोवर पंचमी होऊन गेलेली असते.

हे लक्षात आलं तेव्हा मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसले. सासूबाईंना शेती चांगली कळत होती! त्यांनी "नाही" हा शब्दच उच्चारलेला नाही. त्या प्रत्येक वेळी हो म्हणतात. अडवतो तो वेल. सून भांडणार कुणाशी? कोंबाशी? निसर्गाला घाई करता येत नाही हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला सांगायची गरज नसते. घरातला नियम ऋतूचं रूप घेऊन उभा राहिला की तो नियम वाटेनासा होतो, पावसासारखा, उन्हासारखा आहेच म्हणून सोसला जातो. शेवटी "आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा" येतं खरं. पण मला आता वाटतं, ते मुलींच्या फेरासाठी लावलेलं शेपूट आहे. खिरापत वाटायची असते, गाणं कुठेतरी थांबवायला लागतं.

दिवाळीत काकींकडे गेले तेव्हा त्या ओटीवर पाट घेऊन मेथी निवडत बसल्या होत्या. सातारा जिल्ह्यातलं गाव. घर आता स्लॅबचं झालंय, पण ओटी तशीच ठेवलीय. मी जुडी पुढ्यात ओढली आणि कारल्याचं विचारलं. आधी हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात कसलं आलंय कारलं? कारलं बरं. दोन महिन्यांत येतं तरी." त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या पंधरा-सोळाच्या. पहिल्याच आखाडात भाऊ न्यायला, मुराळी म्हणून आला, तर भुईमुगाची भांगलण, म्हणजे तणकाढणी, चालू होती. सासूबाई म्हणाल्या, एवढी भांगलण होऊ दे, मग जा. भाऊ एक रात्र राहिला, सकाळी भाकरी बांधून घेऊन परत गेला. पंचमीला पुन्हा आला तर दुसरी भांगलण. मग भुईमूग काढणी, शेंगा तोडणी, वाळवण. मग वापसा आला, जमीन शाळू पेरायजोगी झाली. "वापसा काय थांबतोय व्हय आपल्यासाठी?" काकी म्हणाल्या, आणि ते त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. शेतकऱ्याच्या तोंडी असतं तसं, सरळ. खरंच थांबत नाही. त्यांच्या सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. माणूसबळ कमी होतं, रान होतं, दोन हात गेले की दोन सरी मागे राहायच्या. "पण त्यांची लेक पंचमीला आली हुती," काकी मेथीचं पान खुडता खुडता म्हणाल्या. "तिच्या सासरी पण भुईमूगच हुता."

शाळेत आम्हाला शिकवलं गेलेलं निसर्गकवितेचं गणित सोपं होतं. पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, आकाश म्हणजे स्वातंत्र्य, पिंजरा म्हणजे बंधन. स्त्रीविषयीची कविता असली की तिला पंख फुटायचे. परीक्षेत एवढं लिहिलं की पाचपैकी साडेतीन गुण. पण आपल्याकडे बायकांनी रचलेल्या, गायलेल्या, पुढे लिहिलेल्या कवितेत निसर्ग इतका मोकळा क्वचितच भेटतो. तो बहुधा कामाला लावलेला असतो. पीक असतो, वेल असतो, पाण्याची खेप असतो. बायकांच्या हाताखालून जो निसर्ग गेला तोच त्यांच्या गाण्यात आला. लांबून बघायचा डोंगर गाण्यात यायला आधी लांबून बघायची सवड लागते.

बहिणाबाई चौधरींची सुगरण घ्या. "अरे खोप्यामधी खोपा, सुगरणीचा चांगला, देखा पिलासाठी तिनं, झोका झाडाला टांगला." ही कविता येत नाही असं मराठी पोर नसेल. आमच्या बाईंनी ती शिकवताना वर्गातल्या मुलींकडे पाहून सांगितलं होतं, सुगरणीसारखं नेटकं घर ठेवता आलं पाहिजे. मुलगे खिडकीतून बाहेर बघत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी भिगवणजवळच्या एका विहिरीवर, पाण्यावर झुकलेल्या बाभळीत सुगरणीची वसाहत पाहिली, आणि सोबतच्या पक्षीवेड्या मित्राने सहज सांगितलं की खोपा विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा. अर्धा विणून झाला की पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून बघते, पसंत पडला तर राहते, नाहीतर जाते. मी तेव्हा तावातावाने म्हटलं होतं, म्हणजे शतकभर आम्हा पोरींना फुकटचा धडा दिला! मित्राने पुढचं सांगितलं. खोपा पुरा झाला की नर बहुधा शेजारी दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवते ती मादीच, आणि पिलांच्या चोचीत चारा घालण्याचं बहुतेक काम तिचंच. मग मला त्या कवितेचं दुसरं कडवं आठवलं, जे आपण पहिल्याच्या गोडव्यात गुणगुणून टाकतो. "पिलं निजली खोप्यात, जसा झुलता बंगला, तिचा पिलामधी जीव, जीव झाडाले टांगला."

जीव झाडाले टांगला. विणणारा कोण याची नोंद चुकली असेल, टांगलेला कोण याची चुकली नाही.

असोद्याची ही मुलगी तेराव्या वर्षी जळगावच्या चौधऱ्यांकडे आली. अक्षरओळख नाही. घरात, शेतात, जात्यावर ओव्या सुचत गेल्या, मुलाने आणि नातलगाने त्या टिपून ठेवल्या, आणि 1951 साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला त्यात खटकत राहतं ते अंतर. असोदं जळगावपासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. आणि त्याच अंतरावर त्यांनी एक आख्खी माहेरवाट रचली आहे, चैत्र-वैशाखाचं ऊन, तापून लाल झालेला रस्ता, पायाला बसणारे चटके, आणि तरीही "माझ्या माहेराची वाट, माले वाटे मखमल". एवढासा रस्ता एवढा मोठा का होतो? कारण तो पायांनी मोजलेला नाही. कधी जायचं हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडून पायाखालची जमीन सुटी करून घ्यायला जितका काळ गेला, तितकी ती वाट लांब. म्हणून तापलेली माती मखमल होते. चटका बसतोय म्हणजे आपण खरंच चालतोय!

आणि तिशीच्या आसपास वैधव्य आलं तेव्हाही त्या शेतातल्याच गोष्टीकडे वळल्या. "सांग सांग धरती माता, अशी कशी जादू झाली, झाड गेलं निंघीसनी, मांघे सावली उरली." मी या ओळीपाशी दरवेळी थबकते. झाड गेल्यावर सावली उरत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? झाडाखाली बसून भाकरी खाल्लेल्या बाईला सावलीचं शास्त्र शिकवायला नको. पण विधवेला समाज जी जागा देतो ती नेमकी अशीच असते. जिच्यामुळे ती होती ते गेलं, आणि ती मात्र उरली, कुणाची म्हणून सांगता न येणारी. ही कविता रडून थांबत नाही. कुंकू गेलं तरी गोंदण उरलंय, बांगड्या फुटल्या तरी मनगटातली करतूत आहे, असं स्वतःलाच बजावत जाते. गोंदण पुसता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या बाईने पाय रोवलाय.

इंदिरा संतांचा पाऊस मला फार उशिरा कळला. कळला म्हणजे आवडत होताच, गाण्यासारखा. "नको नको रे पावसा, असा धिंगाणा अवेळी, घर माझे चंद्रमौळी, आणि दारात सायली." कौलातून चंद्र दिसेल असलं गळकं घर, अंगणातली नाजूक सायली, भांडी भरून जाणारी गळती, आणि त्या पावसाला दटावणारी बाई. वर्षानुवर्षं मी हे प्रेमळ भांडण म्हणून ऐकलं. मग एकदा पुढच्या ओळीकडे नीट कान गेला. तिचा सखा वाटेवर आहे, निघून चाललाय, आणि ती पावसाला म्हणते, वेशीपुढे आठ कोस धाव, विजेला सांग कडाडायला, त्याला माघारी फिरव. मग घाल कितीही धिंगाणा, मी काही बोलणार नाही. वेशीपुढे आठ कोस! ती स्वतः का जात नाही? कवितेत हा प्रश्न कुणी विचारत नाही, इतकं ते गृहीत आहे. ती उंबऱ्याच्या आत आहे, गळतीखाली भांडी मांडते आहे. पलीकडे जाऊ शकतो तो पाऊस. त्याला वेस अडवत नाही, त्याला कुणी विचारत नाही की एकटा कुठे निघालास. म्हणून त्याची मनधरणी, म्हणून त्याला राजसा म्हणायचं. 1946 साली त्यांचे पती गेले, बेळगावात नोकरी करत त्यांनी मुलं वाढवली, हे ठाऊक असलं की वाचक प्रत्येक ओळीत तेच शोधत सुटतो. मला ते टाळावंसं वाटतं. कवयित्रीच्या कवितेतून तिचं चरित्र उकरायची आपल्याला भारी हौस. कवीच्या पावसात आपण त्याची बायको शोधत नाही.

या सगळ्यांहून वेगळी वाट काढली ती एका कोवळ्या मुलीने, तेराव्या शतकात. "मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळीलें सूर्यासी." मुक्ताबाई. पुढे विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो, माशी व्याते आणि तिची घार होते, आणि हे सगळं पाहून मुक्ताई हसते. जाणकार याचा अर्थ अद्वैतात लावतात, लावोत. त्यांचा अधिकार आहे. मी शेतातल्या सुनेच्या बाजूने वाचते. कारल्याच्या गाण्यात सृष्टीचा नियम सासूच्या बाजूने उभा आहे, बी टाकलं की साठ दिवस थांबायचंच. मुक्ताईने तो नियमच उलटा टांगला. मुंगीला पंख फुटायला पावसाळा लागत नाही, परवानगी लागत नाही, ती थेट सूर्याकडे जाते. संन्याशाची पोर म्हणून गावाने वाळीत टाकलेल्या घरातली ती मुलगी. तिला ऋतूंच्या क्रमाचं, गावाच्या क्रमाचं काय कौतुक असणार? आणि शेवटचं तिचं हसणं मला फार आवडतं. त्यात करुणा वगैरे नसावी. निव्वळ गंमत असावी.

पण मुक्ताई एखादीच. बाकीच्या जात्यावर बसल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. त्यांतली सीतेची एक ओवी अनेक गावांत थोड्याफार फरकाने म्हटली जाते. "एवढ्या वनामंदी, कोण रडतं आइका, सीतेला समजाया, बोरी बाभळी बायका." पहाटे, जात्याची घरघर, दोघी समोरासमोर, खुंट्यावर चार हात. या बायकांनी सीतेसाठी अशोक, कदंब, चंपक असली पोथीतली झाडं निवडली नाहीत. बांधावरची बोर आणि बाभूळ निवडली. काटेरी. जिच्या फांद्या तोडून कुंपण घालतात, जिच्याखाली कुणी सावलीला बसत नाही, जी कुणी मुद्दाम लावत नाही, आपसूक उगवते, तोडली तरी पुन्हा फुटते. रामायणात सीतेभोवती ऋषी आहेत, आश्रम आहे. ओवीत तिच्याजवळ येऊन बसतात त्या बोरी-बाभळी, आणि त्या झाडं राहतच नाहीत, बायका होतात. मराठीतल्या सगळ्या निसर्गप्रतिमांमध्ये मला एक निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. हिच्यात सुटका नाही, पंख नाहीत, आकाश नाही. शेजारीण आहे.

पद्मा गोळ्यांच्या कवितेतलं चाफ्याचं झाड त्या मानाने शहाण्या, शिकलेल्या घरातलं. ते स्वप्नात येतं आणि ती त्याला विनवते, डोळ्यांत पाणी आणू नको, "हादग्याची गाणी नको म्हणू". हादगा म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडचा आमचा भोंडलाच. दुःख उरलेलं नाही असं आपलं ठरलं होतं ना, असं ती झाडाला पुन्हा पुन्हा सांगते, आणि आपल्याला कळतं की उरलंय. ज्या झाडाशी झोके घेतले ते झाड आता भेटतं ते स्वप्नातच, आणि तिथेही अट ही की हसायचं. हादग्याचं गाणं नको, कारण त्या गाण्यात सगळंच येतं. या एका ओळीतून मला काकींचा तो ग्रुपवरचा मेसेज थोडा उलगडला. सून होऊन गेलेल्या बाईला ते गाणं गोड लागेलच असं नाही. आम्ही ते चित्र लावून, हॅशटॅग लावून वाटतो, तेव्हा आम्ही सासूच्या बाजूच्या फेरात उभ्या असतो, कमरेवर हात ठेवून.

अर्थात काकी पुढे स्वतः सासू झाल्याच. मेथी निवडून झाली होती, देठांचा ढीग गाईसाठी बाजूला सारला होता. मी विचारलं, तुम्ही सूनबाईला पंचमीला धाडायचात का? सूनबाई शाळेत शिक्षिका आहे, सांगलीकडची. काकींनी आधी ठणकावून सांगितलं, "धाडायचे म्हंजे? अडवलंच नाही कधी." मग पदराने हात पुसले, थोडं थांबल्या. पहिल्या वर्षी सूनबाईच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात घरात हळद काढायची, शिजवायची होती, मजूर मिळत नव्हते. "माझ्या तोंडात आलं बघ. एवढी हळद शिजू दे, मग जा. अगदी तोंडात आलं." म्हणालात का, मी विचारलं. "म्हणाले की." आणि मग ती काय म्हणाली? काकी हसायला लागल्या. "काय म्हणायची? ती विचारायला आलीच नव्हती गं. बॅग भरून सांगायला आली हुती. रजा काढली, तिकीट काढलं, दुपारची एसटी हाय, म्हणाली." राग आला का? "आला तर. दोन दिस बोलले नाही कुणाशी. हळद मागं राहिली, दर पडला." मेथीची पाटी उचलून त्या आत गेल्या, आणि आतूनच ओरडून म्हणाल्या, "आणि तिच्या आईला हळद घेऊन गेले हुते मी नंतर. पाच किलो. नवी."